सीआरपीची पहिली व्हायल उघडताय? थांबा, आधी हे वाचा

आमच्या लॅबमध्ये दरवर्षी जून-जुलैत दोन-तीन नवीन पोरं-पोरी येतात, कुणी एमएस्सीच्या प्रोजेक्टला, कुणी जेआरएफ म्हणून, आणि त्यातलं एखादं हमखास मला फ्रीजरपाशी गाठून हळूच म्हणतं, "ताई, ही व्हायल रिकामीच आलीये." रिकामी नसते हो ती इवलीशी बाटली. ५० मायक्रोग्रॅम सुकवलेलं प्रोटीन म्हणजे एक पुसटसा पापुद्रा, कधीकधी तोही दिसत नाही, आणि बऱ्याचदा तो बुडाशी नसून झाकणाला चिकटलेला असतो. तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून काढते, पुढच्या बॅचला हेच वाचायला द्यायचं.

सीआरपी, म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, हे नाव आता पुण्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. २०२०-२१ मध्ये आमच्या सोसायटीतले काका लोक लिफ्टमध्ये "आमचा सीआरपी ४० वरून १२ वर आला" असं मॅचचा स्कोअर सांगावा तसं सांगायचे. शरीरात कुठं इन्फेक्शन किंवा सूज-दाह सुरू झाला की आयएल-६ ह्या निरोप्या प्रोटीनचा निरोप लिव्हरला पोचतो आणि लिव्हर हे प्रोटीन रक्तात सोडायला लागतं, काही तासांत वाढ दिसते, साधारण ४८ तासांत ते टोकाला जातं, आणि मूळ कारण गेलं की १९ तासांच्या आसपासच्या अर्धायुष्यानं खाली येतं. सापडलं १९३० मध्ये, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये, टिलेट आणि फ्रान्सिस ह्या दोघांना, न्यूमोनियाच्या पेशंटच्या सीरममध्ये. न्यूमोकोकस जंतूच्या सी-पॉलिसॅकराइडला ते चिकटायचं आणि साका बसायचा, म्हणून नाव सी-रिॲक्टिव्ह. पण हे चिकटणं कॅल्शियम असेल तरच होतं. हे आत्ताच डोक्यात ठेवा कारण पुढची अर्धी डोकेदुखी ह्यातूनच निघते.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे आकार. सदाफुलीचं फूल बघा, पाच पाकळ्या आणि मध्ये भोक, सीआरपी साधारण तसं आहे. पाच सारखे तुकडे, प्रत्येकात २०६ अमिनो ॲसिड, प्रत्येकाचं वजन २३ किलोडाल्टन, सगळे मिळून ११५ च्या आसपास. ह्या पाकळ्या एकमेकींना सहसंयुज बंधानं जोडलेल्या नाहीत, नुसत्या एकमेकींना धरून बसलेल्या आहेत. म्हणजे उष्णता, युरिया, फार आम्लधर्मी बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) ह्यानं फूल सुटतं, आणि कॅल्शियम काढून घेतलं तर अजून लवकर सुटतं. सुटलेली पाकळी, म्हणजे मोनोमर, पेशींवर वेगळंच वागते. नावही तेच, अमिनो ॲसिडही तीच, पण काम वेगळं. तेव्हा तुमच्या व्हायलमध्ये अख्खं फूल आहे की पाकळ्यांचा चुरा, हा प्रश्न शेवटपर्यंत सोडायचा नाही.

मागवायच्या आधी

सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा. पोरं काय करतात, कॅटलॉगमध्ये "रिकॉम्बिनंट ह्युमन सीआरपी" (माणसाचा जीन दुसऱ्या पेशीत घालून बनवलेलं) दिसलं, त्यातलं स्वस्त निवडलं, मॅडमची सही घेतली, झालं. अरे पण तुम्हाला ते कशाला हवंय? एलायझाचं (अँटिबॉडी वापरून प्रोटीन मोजायच्या चाचणीचं) स्टँडर्ड म्हणून किंवा वेस्टर्न ब्लॉटला पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून हवं असेल तर फार चिकित्सा लागत नाही, अँटिबॉडीला ओळखता आलं म्हणजे बास. पण पेशींवर टाकायचं असेल तर डेटाशीटमधली एकेक ओळ वाचायची, भाजीवाल्याकडे मेथीची जुडी उलटीपालटी करून बघता तशी.

पहिलं बघा ते कशात बनवलंय. ई. कोलाय असेल तर दोन गोष्टी आल्या. एक तर बॅक्टेरियात बनलेलं प्रोटीन पुष्कळदा गोळा होऊन बसतं आणि मग ते विरघळवून पुन्हा घडी घालावी लागते, ती नीट बसली की नाही हा प्रश्न. दुसरं म्हणजे एंडोटॉक्सिन, बॅक्टेरियाच्या भिंतीतलं एलपीएस, ते सोबत येतंच, फक्त किती ते बघायचं. एचईके २९३ सारख्या माणसाच्या पेशीत बनवलेलं महाग असतं पण त्यात ही भानगड पुष्कळ कमी. माणसाच्या सीआरपीवर साखरेच्या साखळ्या नसतातच, त्यामुळे "बॅक्टेरियात ग्लायकोसायलेशन होत नाही" ही भीती इथं लागू नाही, ती दुसऱ्या प्रोटीनसाठी राखून ठेवा.

मग सिक्वेन्स. डेटाशीटवर "१९ ते २२४" असं लिहिलेलं असतं आणि दरवर्षी कुणीतरी घाबरतं की सुरुवातीचे १८ कुठे गेले. ते १८ म्हणजे सिग्नल पेप्टाइड, प्रोटीन पेशीबाहेर पाठवायचं तिकीट, बाहेर पडताना ते कापलंच जातं. २२४ वजा १८ म्हणजे २०६, हिशोब बरोबर आहे. पुढं टॅग आहे का, हिस्टिडीनचा का आणखी कसला, कुठल्या टोकाला, तेही टिपून ठेवा, जेलवर बँड थोडा वर दिसला की हे आठवेल.

आणि सगळ्यात बारीक अक्षरात असतं ते बफर. सोडियम अझाइड आहे का? द्रव स्वरूपात येणाऱ्या सीआरपीत ते टिकाऊपणासाठी घातलेलं असू शकतं. सोबत बीएसए, म्हणजे गाईचं अल्ब्युमिन, घातलंय का? कॅल्शियम आहे का? की उलट कॅल्शियम पकडून ठेवणारं ईडीटीए आहे? ह्या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली नाहीत तर पुरवठादाराला मेल टाका आणि त्या लॉटचं सर्टिफिकेट मागवा. नुसतं कॅटलॉगचं पान नाही, तुमच्या लॉटचं. तेवढ्यानं कुणाला राग येत नाही.

पार्सल

बरीचशी प्रोटीनं बाहेरून येतात, मुंबईत कस्टममध्ये थांबतात, मग पुण्यात, त्यामुळे महिनाभर तरी हाताशी ठेवा आणि एप्रिल-मे मध्ये मागवायचं टाळता आलं तर टाळा, चाळीसच्या आसपासच्या उन्हात थर्मोकोलचा डबा टेम्पोत किती वेळ पडला होता हे आपल्याला कुणी सांगत नाही. विसर्जनाच्या आठवड्यात तर अजिबात नको. आमचं एक पार्सल अनंत चतुर्दशीला निघालं आणि मिरवणूक संपून रस्ते मोकळे होईपर्यंत कुठल्यातरी गोदामात बसलं. सुकवलेलं होतं म्हणून वाचलं, लिओफिलाइज्ड प्रोटीन थोडे दिवस साध्या तापमानाला तग धरतं, द्रव असतं तर देवाक काळजी.

डबा आला की गेटवरच्या काकांकडून लगेच उचला, आत जेलपॅक थंड आहेत का गरम झालेत बघा, फोटो काढा, लॉट नंबर वहीत लिहा आणि डेटाशीटवर जे तापमान दिलंय तिथंच ठेवा. इथं एक फसगत होते, सगळं उणे ८० ला कोंबायची सवय. द्रव सीआरपी काही ठिकाणी ४ डिग्रीलाच ठेवायला सांगितलेलं असतं, गोठवू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं, तर तिथं आपली अक्कल लावायची नाही.

उघडणं आणि विरघळवणं

व्हायल फ्रीजरमधून काढली की लगेच उघडायची नाही. १५-२० मिनिटं बाहेर ठेवा, बाहेरून दव धरणं थांबलं की मगच, नाहीतर हवेतलं पाणी आत जाणार, पावसाळ्यात तर विचारूच नका. मग मायक्रोफ्यूजमध्ये अर्धा-एक मिनिट फिरवा म्हणजे झाकणाला चिकटलेलं खाली येईल. एक पोरगी "ताई, रिकामी आहे" म्हणत जी व्हायल घेऊन आली होती, ती फिरवल्यावर बुडाशी तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका दिसला.

आता कशात विरघळवायचं. डेटाशीट पाणी म्हणत असेल तर पाणीच, कारण बफरमधलं मीठ प्रोटीनबरोबर सुकून आधीच आत बसलेलं असतं, वरून तुम्ही परत बफर घातलात तर मीठ दुप्पट. ५० मायक्रोग्रॅमवर १०० मायक्रोलिटर घातलं की ५०० मायक्रोग्रॅम प्रति मिली झालं, हिशोबाला सोपं. भिंतीवरून हळू सोडा, व्हॉर्टेक्स करू नका, पिपेटनं बुडबुडे होऊ देऊ नका, फेस आला की त्या फेसात प्रोटीन उलगडून वाया जातं. नुसतं ठेवून द्या १५-३० मिनिटं, मधेमधे ट्यूब हलकेच कलती करा. चहा पिऊन या.

माझी पहिल्या वर्षीची गोष्ट सांगते. मला कळलं होतं की सीआरपीला कॅल्शियम लागतं, म्हणून मी हुशारी करून लॅबच्या नेहमीच्या बफरमध्ये, पीबीएसमध्ये, कॅल्शियम क्लोराइड टाकलं, चांगलं सढळ हातानं, आणि त्यात प्रोटीन पातळ केलं. दहा मिनिटांत ट्यूब गढूळ. मला वाटलं प्रोटीन खराब निघालं, मी मेल लिहायला घेतला, अगदी कडक भाषेत. आमच्या सिनिअर दादानं ट्यूब उजेडासमोर धरली, म्हणाला, "पीबीएसमधला पी कशाचा गं?" फॉस्फेटचा. कॅल्शियम आणि फॉस्फेट भेटले की कॅल्शियम फॉस्फेट, हाडांत असतं त्याच जातीचं, ते खाली बसणारच, आणि बसताना माझं प्रोटीनही घेऊन बसलं. मेल पाठवला नव्हता एवढंच नशीब. तेव्हापासून सीआरपीसाठी आमच्याकडे ट्रिस बफर, मीठ आणि २ मिलिमोलर कॅल्शियम, पीएच साडेसातच्या आसपास, आणि बाटलीवर लाल पेननं "फॉस्फेट नाही".

अलिक्वॉट

ह्यात आळस करू नका. एकदा विरघळलं की लगेच १० मायक्रोलिटरचे छोटे भाग करा, लो-बाइंड ट्यूबमध्ये, आणि गोठवायची परवानगी असेल तर उणे ८० ला. एक ट्यूब एकदाच वितळवायची, उरलं तर फेकायचं, जीव तुटला तरी. वारंवार गोठवणं-वितळवणं म्हणजे पाकळ्या सुटायला आमंत्रण. प्रत्येक ट्यूबवर नाव, तीव्रता, तारीख, लॉट, आणि तुमचं नाव, कारण "सीआरपी" एवढंच लिहिलेल्या बारा ट्यूब आमच्या रॅकमध्ये अजून अनाथ पडल्यात, कुणाच्या ते देव जाणे.

गुरुवार सांभाळा. पुण्यात गुरुवारी लाईट जाते हे काय मी सांगायला नको, दुरुस्तीच्या नावाखाली सकाळी गेली की दुपारनंतर येते, तेव्हा तुमचा फ्रीजर जनरेटरच्या लाइनवर आहे की साध्या, हे आजच खाली उतरून इलेक्ट्रिशियन दादांना विचारून या. आणि शक्य असेल तर अर्धे अलिक्वॉट दुसऱ्या फ्रीजरमध्ये.

खरंच ते आहे का बघा

एसडीएस जेलवर (प्रोटीन उलगडून वजनानुसार वेगळं करायची जेली) एक लेन चालवा. बँड २३ च्या आसपास येईल, टॅग असेल तर जरा वर. ११५ ला काही दिसत नाही म्हणून घाबरायचं नाही, एसडीएस आणि उकळण्यानं फूल सुटणारच, ते जेल पाकळीचंच वजन सांगतं. पाच एकत्र आहेत का बघायला नेटिव्ह जेल किंवा साइझ एक्सक्लुजन कॉलम लागतो, तुमच्याकडे नसेल तर विचारा, गणेशखिंडीत, पाषाणला एवढ्या संस्था आहेत, एनसीसीएस, एनसीएल, आयसर, कुणा ना कुणाची तरी ओळख निघतेच आणि अर्ध्या दिवसाचं काम असतं.

त्याहून सोपी आणि मला जास्त आवडणारी चाचणी म्हणजे फॉस्फोकोलीनला (सी-पॉलिसॅकराइडमधला सीआरपी ज्याला धरतं तो तुकडा) चिकटतंय का ते बघणं, कारण सीआरपीचं खरं कामच ते आहे. प्लेटवर फॉस्फोकोलीन जोडलेलं बीएसए लावा, निम्म्या खड्ड्यांत सीआरपी २ मिलिमोलर कॅल्शियमसकट, निम्म्यांत तेवढंच सीआरपी पण १० मिलिमोलर ईडीटीएसकट, मग धुऊन अँटी-सीआरपी अँटिबॉडी. धुण्याचा बफरही ज्या त्या बाजूला तोच, कॅल्शियमवाल्या खड्ड्यांना कॅल्शियमवाला, नाहीतर चिकटलेलं धुण्यातच सुटून जाईल. कॅल्शियमच्या बाजूला रंग आणि ईडीटीएच्या बाजूला जवळजवळ काही नाही, असं आलं तर निवांत व्हा. दोन्हीकडे सारखाच रंग आला तर ते नुसतं प्लास्टिकला चिकटतंय.

अझाइडवालं सीआरपी असेल तर एक लक्षात ठेवा, अँटिबॉडीला जोडलेल्या, रंग आणणाऱ्या एचआरपी एन्झाइमला अझाइड मारतं. अँटिबॉडी पातळ करायच्या किंवा धुण्याच्या बफरमध्ये ते राहिलं तर टीएमबी, म्हणजे रंग देणारं द्रावण, निळं व्हायचं नावच घेत नाही आणि आपण बसतो अँटिबॉडीला शिव्या घालत.

स्टँडर्ड कर्व्ह, आणि युनिटचा घोळ

स्टँडर्ड कर्व्ह म्हणजे माहीत असलेल्या तीव्रतांचा आलेख, त्यावरून सॅम्पलचा आकडा वाचायचा. त्याच्या सगळ्यात वरच्या पायरीसाठी ५०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीवरून ५० नॅनोग्रॅम प्रति मिलीवर यायचं म्हणजे दहा हजार पट पातळ. एका उडीत करू नका, ०.१ मायक्रोलिटर नेमकं उचलणं पिपेटला जमत नाही. १० मायक्रोलिटर घेऊन ९९० मध्ये टाका, झालं ५ मायक्रोग्रॅम. त्यातलं १० परत ९९० मध्ये, झालं ५० नॅनोग्रॅम. तिथून पुढं निम्मं निम्मं, ५०० मायक्रोलिटर घ्या ५०० मध्ये मिसळा, २५, १२.५, ६.२५, असं सात पायऱ्या आणि एक शून्य. दर पायरीला टिप बदला. पातळ करायच्या बफरमध्ये १ टक्का बीएसए हवंच, नाहीतर एवढ्या कमी तीव्रतेला प्रोटीन ट्यूबच्या भिंतीलाच चिकटून बसतं आणि तुमचा ०.७८ चा खड्डा रिकाम्यासारखा वाचतो.

आता युनिट. रक्ताच्या रिपोर्टवर मिलिग्रॅम प्रति लिटर असतं, काही लॅब मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर देतात, म्हणजे लगेच दहा पटीचा फरक, आणि किट नॅनोग्रॅम प्रति मिलीत बोलतं. मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजेच मायक्रोग्रॅम प्रति मिली, हे हाताच्या तळव्यावर लिहून ठेवा. निरोगी माणसाचा ३ असेल तर ते ३००० नॅनोग्रॅम प्रति मिली झालं, तुमचा कर्व्ह संपतो ५० ला. मग सीरम ५०० पट पातळ केलं तर ६ येईल, कर्व्हच्या बरोबर मधोमध. पण त्याच पातळीकरणात १०० वाला पेशंट आला तर २०० येणार, कर्व्हच्या बाहेर, त्याला वेगळं पातळ करावं लागणार. कर्व्हच्या बाहेरचा आकडा रेघ लांबवून काढायचा नाही. म्हणून नवीन सॅम्पल असेल तर दोन-तीन पातळीकरणं लावायची आणि तिन्हींतून उत्तर सारखं येतंय का बघायचं.

शिवाय तुमच्या व्हायलवरचे ५० मायक्रोग्रॅम हे त्या कंपनीचे मायक्रोग्रॅम आहेत. दवाखान्यातल्या सीआरपीच्या आकड्यांना डब्ल्यूएचओचं स्टँडर्ड आणि ईआरएम-डीए४७४ सारखं संदर्भ द्रव्य पाठीशी असतं, तुमच्या व्हायलला असेलच असं नाही. एका प्रोजेक्टमध्ये मधेच लॉट बदलला तर जुना आणि नवा एकाच प्लेटवर शेजारीशेजारी चालवा, मगच पुढं जा.

अजून एक, हे "फक्त संशोधनासाठी" लिहिलेलं असतं ते उगाच नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं होतं, "आमच्या ह्यांचं रक्त तुझ्याकडेच बघशील का गं, दोनशे-चारशे रुपये वाचतील." नाही काकू. गोड बोलून कोपऱ्यावरच्या पॅथॉलॉजीत पाठवलं.

पेशींवर टाकताना

इथं सगळ्यात जास्त लोक तोंडावर आपटतात, आणि पुण्यातलेच नाही, जगभरातले. सीआरपी पेशींना दाह करायला लावतं असे बरेच निकाल छापून आले आणि नंतर लक्षात आलं की त्यातलं बरंचसं काम बॅक्टेरियातून आलेल्या एलपीएसचं आणि बाटलीतल्या अझाइडचं होतं.

हिशोब करून बघा. डेटाशीटवर "१ ईयू (एंडोटॉक्सिन मोजायचं युनिट) प्रति मायक्रोग्रॅमपेक्षा कमी" लिहिलंय, वाचायला छान वाटतं. तुम्ही पेशींवर २५ मायक्रोग्रॅम प्रति मिली टाकलं म्हणजे २५ ईयू प्रति मिलीपर्यंत गेलात. १ ईयू म्हणजे ढोबळमानानं ०.१ नॅनोग्रॅम एलपीएस, तर झालं अडीच नॅनोग्रॅम प्रति मिली, आणि मोनोसाइटला आयएल-६ सोडायला तेवढं भरपूर होतं. मागच्या वर्षी एक ज्युनिअर नाचत आला होता, "ताई, आयएल-६ बघा किती वर गेलंय." मी म्हटलं उकळून परत टाक. १० मिनिटं उकळलेल्या सीआरपीनंही आयएल-६ तेवढंच वर. प्रोटीन शिजून गेलं पण एलपीएसला उकळण्यानं फारसं काही होत नाही, म्हणजे नाच कुणाचा होता ते कळलं. बिचारा दोन दिवस कॅन्टीनला आला नाही.

म्हणून कंट्रोल चार. नुसतं बफर, तेही प्रोटीन ज्यात आलं त्याच रेसिपीचं, अझाइडसकट. उकळलेलं प्रोटीन. पॉलिमिक्सिन बी घातलेलं प्रोटीन, ते एलपीएसला बांधून टाकतं. आणि तुमच्या व्हायलमध्ये असेल असं वाटतं तेवढंच एलपीएस एकट्यानं. उकळण्यानं फूलही सुटतं, त्यामुळे एकट्या त्याच कंट्रोलवर विसंबायचं नाही.

अझाइड काढायला डायलिसिस पुरतं, १० किलोडाल्टनचं पातळ पडद्याचं छोटं उपकरण, कॅल्शियमवाल्या ट्रिसमध्ये, ४ डिग्रीला, रात्रभर, बफर दोन-तीनदा बदलून. एलपीएस मात्र ह्यानं जात नाही, त्याचे मोठे पुंजके होतात आणि ते प्रोटीनबरोबर पिशवीतच राहतात, त्यासाठी वेगळा कॉलम किंवा मुळात चांगला लॉट. डायलिसिसनंतर तीव्रता परत मोजा, थोडंफार प्रोटीन गळतंच. आणि अझाइडचं पाणी सिंकमध्ये ओतू नका, तांब्या-शिशाच्या पाइपमध्ये त्याचे स्फोटक क्षार बनतात, वेगळ्या कॅनमध्ये जमवा.

उंदरांवर काम करणाऱ्यांनी मागवायच्या आधी सरांशी बोलून घ्या. उंदरात दाह झाला की सीआरपी फारसं वाढतच नाही, तिथं एसएए आणि एसएपी ही दुसरी प्रोटीनं वर जातात, त्यामुळे माणसाच्या सीआरपीची किट घेऊन उंदराच्या सीरममध्ये शोधत बसलात तर सगळे खड्डे पांढरे. हे आमच्याकडे एकदा झालंय, अख्खी प्लेट, ९६ खड्डे, आणि तो दिवस गुरुवार होता म्हणून सगळ्यांनी आधी लाईटलाच दोष दिला.